मदत हवी आहे: देवबागहून सूर्यास्ताची बोटफेरी

डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागहून कर्ली खाडीतून, ती समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत संध्याकाळची बोटफेरी करायची आहे. सहा जण, त्यात गुडघेदुखीची आई. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सूर्यही जवळपास तेव्हाच बुडतो. पौर्णिमेला मात्र सव्वाअकराला भरती, म्हणजे सहा तासांनी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी: मुखाशी वाळू वर येते, बोट रेतीला लागते, शिवाय ओसरतं पाणी लाटांना भिडून उसळ्या मारतं. म्हणून अष्टमीच धरली आहे.

आईला चढायला जेट्टी आहे, की गुडघाभर पाण्यातूनच जावं लागतं? सात वर्षांच्या मुलासाठी मांडीखालून पट्टा असलेलं लहान मापाचं लाइफ जॅकेट तिथे मिळतं का? मोठ्यांचं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटतं, ते नकोच.