पाचारण म्हणजे नक्की काय?

प्रश्न:
परवा मैत्रिणीच्या भाचीचा बाप्तिस्मा होता म्हणून त्यांच्या चर्चला गेले होते. पाळकसाहेब बोलता बोलता म्हणाले, प्रभूचं पाचारण प्रत्येकाला आहे, आणि माझ्या डोळ्यासमोर आली आगीच्या बंबाची गाडी! हा शब्द मी फक्त पेपरात वाचलाय, अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले वगैरे. घरात कोण कोणाला पाचारण करतं? सरळ बोलावणं का नाही म्हणत?

प्रतिसाद १:
बोलावणं म्हटलं तर लोक विचारतील, कधी गेले? वरून बोलावणं येणं म्हणजे खेळ खल्लास ना :) पाचारण जुना शब्द आहे, पोथ्यांत 'पाचारिले' असतं. तो पेपरवाल्यांनी आणि चर्चने जपलाय, बाकीच्यांनी सोडून दिला.

प्रतिसाद २:
मी ख्रिस्ती घरातला, आमच्याकडे नेहमीचा शब्द आहे पण वापर जरा बिघडलाय असं माझं मत. "त्याला पाचारण आहे" म्हटलं की समजायचं पोरगा नोकरी सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायच्या शाळेत चालला, म्हणजे बाकीच्यांना काय मिस्ड कॉल? बायबलमधे प्रेषित पौल तर करिंथकरांना (पहिलं पत्र, अध्याय 7) म्हणतो की ज्या स्थितीत पाचारण झालं तिच्यातच राहा. आणि वधस्तंभ उचलून माझ्यामागे या हे येशूचं वाक्य मत्तय, मार्क, लूक या तिघांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत आहे पण 'दररोज' हा शब्द एकट्या लूकने घातलाय, 9:23 बघा.

माझे बाबा जकात नाक्यावर कारकून होते. बायबलमधला मत्तयही जकात नाक्यावरच बसलेला, येशू म्हणाला माझ्यामागे ये आणि हा उठून गेला. ऑफिसातले चिडवायचे, मत्तय उठला, तुम्ही कधी उठणार? बाबा म्हणायचे, मला बसूनच राहायला सांगितलंय. ट्रकवाले कागदांच्या घडीत नोट सरकवून द्यायचे, बाबा घडी उघडून नोट टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचे, मग शिक्का मारायचे आणि कागद नि नोट दोन्ही परत. त्यापायी वर्षानुवर्षं नाइट शिफ्ट भोगली. ह्याला आम्ही घरी कधी पाचारण म्हटलं नाही, पण दुसरा शब्दही नाही माझ्याकडे.

प्रतिसाद ३:
भारी! माझ्यामागे ये म्हणजे शिष्य हो, म्हणून शिष्य शब्दाबद्दल थोडं, ग्रीकमधे 'माथेतेस' म्हणजे शिकणारा. आपला शिष्य 'शास्' धातूवरून, ज्याला शिकवायचं, वळण लावायचं तो. शिस्त पण त्यातलाच वाटतो ना? तो मात्र फारसी, मूळ अर्थ नेम धरणे. आणि शिष्य व्हायला बाप्तिस्मा लागतोच का हा वाद मराठीत जुना आहे, ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी 1917 मधे मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोन्ही शिष्य चालणार होते.

प्रश्नकर्ती:
म्हणजे मीपण चालले असते :) पण जकात बंद झाल्यावर बाबांचं काय झालं?

प्रतिसाद २:
2013 मधे आमच्या शहरात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, त्यांना घरपट्टीत टाकलं. तिथेही बसूनच.