अनुभव धागा: क्लच स्वतः मारता की ऑटोवर? आणि गिअर कशाने टाकता?

त्रिमूर्तीनगर (धागा सुरू करणारा)

मागच्या दिवाळीत ओळखीच्या एकाकडून सेकंडहँड जी२९, म्हणजे लॉजिटेकचं रेसिंग गेमचं स्टिअरिंग, घेतलं. खाली तीन पेडल, स्टिअरिंगच्या चाकामागे दोन पॅडल (बोटांनी ओढून गिअर बदलायचे खटके), आणि वेगळा विकत घेतलेला सहा गिअरचा शिफ्टर. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये ऑटो क्लच (गेम स्वतःच क्लच मारते ती सोय) बंद केला की गाडी एकतर सुरुवातीलाच बंद पडते, नाहीतर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरते. म्हणून परत ऑटोवर जातो. पण मनात राहतं की शिकायचं आहे.

आपण नागपूरचे दहा-बारा जण रविवारी सोबत रेस लावतो आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी आहे. तुम्ही काय ठेवलं, का ठेवलं, हात बसायला किती दिवस लागले, ते सविस्तर लिहा. नुसता आकडा नको. खुर्ची, टेबल, पाय, सगळं सांगा.

वाडी

माझ्या बाबांनी आयुष्यभर नागपूर-रायपूर लाइनवर ट्रक चालवला. एका रात्री मी युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळून राहिलो होतो, ते मागे येऊन उभे राहिले. थोडं पाहिलं आणि म्हणाले, "सरक."

बसल्यावर त्यांनी आधी शिफ्टरचा गोळा हातात धरून हलवून पाहिला. क्लच न दाबता पहिला टाकला. कांडी सरळ आत गेली. त्यांनी चटकन हात काढून घेतला. "क्लच दाबला नाही अन् पडला कसा?" खऱ्या गाडीत दात घासल्याचा आवाज येतो, कांडी तळहाताला मागे ढकलते. आपल्या शिफ्टरला तो विरोधच नाही. कांडी कुठे आहे एवढंच तो गेमला कळवतो, गिअर मानायचा की नाही ते गेम ठरवते. म्हणून आपल्याला वाटतं गिअर पडला, आणि गाडी असते न्यूट्रलमध्ये.

मग त्यांनी क्लच दाबून हळूहळू सोडला. "हा लई वर पकडून राहिला." मी सेटिंग उघडून पडद्यावरची, पेडल किती दाबलंय ते दाखवणारी पट्टी पाहिली तर पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावर ती हलायला लागायची. म्हणजे पकड पेडलच्या शेवटच्या बोटभर अंतरात कोंबलेली. त्यात कोणाचाही पाय फसेल. मी खालच्या टोकाचा डेडझोन (पेडल हललं तरी गेम दखल घेत नाही तो भाग) कमी करत आणला, वरच्या टोकाला थोडा ठेवला. आता पाय साधारण मध्यावर आला की इंजिनाचा आवाज जड होतो. तिथे क्षणभर थांबायचं, मग सोडायचं. गाडी बंद पडणं त्या रात्रीच थांबलं.

भाऊ, तुमचंही हेच असेल. आधी पट्टी पाहा.

हिंगणा रोड, हॉस्टेल

मी फक्त जीटी३ चालवतो, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या रेस कार. चाकामागचे पॅडल, ऑटो क्लच चालू, आणि त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. कारण खऱ्या जीटी३ गाडीतही ड्रायव्हर क्लच वापरतो तो जागेवरून निघताना किंवा थांबताना. गिअरबॉक्स सिक्वेन्शियल असतो, म्हणजे गिअर क्रमाने एकेकच बदलतो. वरच्या गिअरला जाताना इलेक्ट्रॉनिक्स क्षणभर इंजिनाची ताकद तोडतं, खाली येताना स्वतःच रेस देतं. फॉर्म्युला वनमध्ये चाकामागच्या पॅडलचा गिअरबॉक्स पहिल्यांदा शर्यतीत उतरला १९८९ साली, ब्राझीलमध्ये, फेरारी ६४० गाडीत, आणि फेरारीचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलने ती शर्यत जिंकली. तेव्हापासून दिशाच बदलली.

म्हणून आधी गाडी कोणती ते पाहा आणि सेटिंग त्या गाडीची ठेवा. जुनी रस्त्यावरची गाडी किंवा साठ-सत्तरच्या दशकातली रेस कार घेतली तर तिथे एच शिफ्टर (साध्या गाडीसारखी गिअरची कांडी) आणि क्लचच हवा. तिथे पॅडल वापरलं तर त्या गाडीची अर्धी मजा गेली. शिफ्टर वापरायचा असेल आणि पाय अजून जमत नसेल तर क्लच स्वतः मारा, पण ऑटो ब्लिप (गिअर उतरवताना आपोआप रेस देणारी सोय) चालू ठेवा. खाली येताना रेस गेम देईल, तुमचं मागचं चाक लॉक होणार नाही. ब्लिप बंद करणं ही शेवटची पायरी.

मनीषनगर

माझी अडचण सेटिंगची नव्हतीच, फरशीची होती. ब्रेक दाबला की खाली चाकं असलेली खुर्ची मागे, क्लच दाबला की पेडल पुढे. पाय पूर्ण खाली जायचाच नाही, आणि मी दोन महिने गेममधले आकडे बदलत बसले. शेवटी पेडलमागे लाकडी पट्टी टाकून ती भिंतीला टेकवली आणि खुर्ची बदलून चार पायांची घेतली. सगळं जागेवर आलं.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसरात्र चालतो, खिडकी उघडी, खोलीत धूळ. माझं क्लच पेडल न दाबताच थरथरायला लागलं. पडद्यावर पट्टी उड्या मारायची आणि सरळ रस्त्यावर गाडीची ओढ जायची. पेडलच्या आत पेडल किती दाबलंय ते मोजणारा फिरता पोटेन्शिओमीटर असतो, त्यात धूळ बसली की असं होतं. वरच्या टोकाला पाच टक्के डेडझोन दिल्यावर त्रास लपला. नंतर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तेव्हा खरोखर गेला. आता खेळून झालं की पेडलवर जुनी ओढणी टाकते.

सदर

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ऑटो क्लच, पॅडल, दोनच पेडल. तीन वर्षं असंच खेळतोय आणि पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, येतो.

बजाजनगर

शिफ्टर कोणत्या बाजूला लावला, हे कोणीच लिहिलं नाही. व्हिडिओ पाहून सगळे उजवीकडे लावतात, कारण तिकडच्या गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपण रोज वर्धा रोडवर डाव्या हाताने गिअर टाकतो. मी उजवीकडे लावला होता तेव्हा घाईत कायम तिसऱ्याऐवजी पाचवा पडायचा. क्लॅम्प सोडवून डावीकडे बसवला आणि आठवड्यात हात बसला. पडद्यावरचा ड्रायव्हर उजवा हात हलवतो ते थोडं विचित्र दिसतं, तिकडे लक्ष जाईनासं होतं.

अजून एक. जे पॅडलच्या गाडीत डाव्या पायाने ब्रेक मारतात त्यांनी एकाच संध्याकाळी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवू नयेत. क्लच मारायची सवय झालेला डावा पाय ब्रेकवर धाडकन जातो.

प्रतापनगर

मी उलट्या वाटेने आले. फोर्झा होरायझन या गाड्यांच्या गेममध्ये मॅन्युअल विथ क्लच लावून वर्षभर खेळले, मग ड्रायव्हिंग क्लास लावला. सरांनी सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी उभी केली आणि हाफ क्लचवर धरायला सांगितलं. गाडी मागे सरकली. खऱ्या क्लचमध्ये पकड पायाला, सीटला, स्टिअरिंगला जाणवते. थरथर येते. व्हीलच्या पेडलखाली नुसती स्प्रिंग आहे, ती काहीच सांगत नाही. गेममध्ये मी सगळं कानाने करत होते. चढावर तिसऱ्या प्रयत्नात जमलं, कारण गिअरचा क्रम आणि हात-पायांचा मेळ तयार होता. म्हणून माझं सांगणं, गेममध्ये इंजिनाचा आवाज वाढवा आणि संगीत पूर्ण बंद करा. क्लच ऐकून मारायचा आहे.

त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पट्टी पाहिली, वाडीचे भाऊ म्हणाले तेच निघालं. शिफ्टर डावीकडे घेतला, ऑटो ब्लिप चालू केला. वीसपैकी सतरा वेळा गाडी न अडखळता निघाली. खाली येताना अजून धक्का बसतो. भाऊ, काकांना विचाराल का, ते कसे उतरवायचे?

वाडी

विचारलं. ते म्हणाले, जुन्या गाडीला डबल क्लच मारायचो. दाबून न्यूट्रल, सोडून रेस, परत दाबून खालचा. तोंडाने सांगून येत नाही म्हणे. पेडल भिंतीला टेकवून ठेवा, रविवारी सकाळी ते स्वतः येतात तुमच्याकडे.