सुया टोचून घेण्याआधी

देवगडच्या ताईंनी विचारलंय की आईच्या गुडघ्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायचा उपचार, करून बघावा का. जरूर बघा. जुनाट गुडघेदुखी-कंबरदुखीत बऱ्याच जणांना थोडाफार आराम पडतो. झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही.

आईंना उपाशीपोटी नेऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पहाटेची एसटी धरायची म्हणून माणसं नुसत्या चहावर निघतात आणि सुया लागल्यावर चक्कर येते. पेज जेवूनच निघा. सुई केसासारखी बारीक असते, वीस-तीस मिनिटं ठेवतात. पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि सुई वापरून झाली की टाकून दिली पाहिजे. गावातल्या मोफत शिबिरातही हे विचारायला लाजू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. काही जण सुयांना हलकी वीज जोडतात; पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) असेल तर ती जोडू देऊ नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा सुया टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि कुणी बीपीच्या, साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर कृपा करून तिथून उठा.