मदत हवी आहे: टोल्युइन न घातलेली बाटलीही काळी पडली!

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी समुद्रतळाच्या गाळातून ऑक्सिजनविना टोल्युइन (पेट्रोलमध्ये असणारं एक हायड्रोकार्बन) खाणारे जिवाणू वाढवतेय. सल्फेटचं माध्यम, वर नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइड, जाड ब्यूटाइल रबराची बुचं. ऑक्सिजन उरला की गुलाबी दिसणाऱ्या रेझाझुरिन या सूचकाचा रंग गेला तेव्हा हुश्श केलं. सातव्या आठवड्यात बाटल्या काळ्याकुट्ट! सुई टोचली तर सडक्या अंड्यांचा वास. मॅडमना दाखवायला निघाले आणि टोल्युइन न घातलेल्या बाटलीकडे लक्ष गेलं. तीही काळीच, किंचित कमी एवढंच.

गॅस क्रोमॅटोग्राफवर टोल्युइन घटलेलं दिसतंय. त्यावर विसंबू का? आणि ऑक्सिजनच नाही तर हे टोल्युइनला हात घालतात कसे? तोंडी परीक्षेत हे विचारणारच.

प्रतिसाद १:
आधी एक, वास घेणं बंद करा. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि जास्त झाला की नाकाला कळेनासाच होतो.

काळेपणा आयर्न सल्फाइडचा. सल्फेटचं सल्फाइड झालं एवढंच त्यातून कळतं, कशाच्या जिवावर ते नाही. गाळात मेलेलं शेवाळ वगैरे असतंच, जिवाणू आधी त्यावर ताव मारतात. म्हणून थोडासा भाग ताज्या माध्यमात न्यायचा, वाढला की पुन्हा. तीन-चार फेऱ्यांत गाळाची शिदोरी संपते. मग टोल्युइनविना बाटली काळी व्हायची थांबली पाहिजे. सल्फाइडही मोजा: १ मिलिमोल टोल्युइन पूर्ण जळालं तर ४.५ मिलिमोल सल्फेट खर्ची पडतं, तेवढंच सल्फाइड होतं. बिनटोल्युइनच्या बाटलीचा आकडा वजा करून हिशेब जुळतो का बघा.

यंत्रणा सुंदर आहे. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू ऑक्सिजनेझ नावाची विकरं (एन्झाइम) वापरून टोल्युइनमध्ये ऑक्सिजन घुसवतात. तुमचे जिवाणू आधी टोल्युइनच्या सहा कार्बनच्या वलयाच्या वाटेलाच जात नाहीत. वलयाला लटकलेल्या मिथाइल गटाला फ्युमरेट हा पेशीतला छोटा रेणू चिकटवतात, बेन्झिलसक्सिनेट होतं, पुढे बेन्झॉइल-कोए, आणि मग कुठे वलय उघडतं. पहिल्या पायरीचं विकर रॅडिकलवर (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनवर) चालतं, हवा लागली की तुटतं. १९९३ साली वर्णन झालेला डिसल्फोबॅक्युला टोल्युओलिका हा समुद्री गाळातलाच, त्याच्याबद्दल वाचा.

प्रतिसाद २:
क्रोमॅटोग्राफच्या आकड्यावर इतक्यात नाचू नका. टोल्युइन रबरी बुचात मुरतं. ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने) जिवाणू मारलेल्या गाळाची बाटली ठेवली होती का? तिच्यातही टोल्युइन घटलं तर ते जिवाणूंचं काम नाही.

धागाकर्ती:
नाही ठेवली. :( उद्याच लावते, दोन.