पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवायची पावडर: फसवणूक की नाइलाज?

कोपऱ्यावरची: मामेबहिणीचा नवरा रोज दोन क्वार्टर रिचवतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात असते ना, तिथूनच तिने पावडर मागवली. आता वरणात कालवून देते. पुडीवर ना घटक, ना कंपनीचं नाव. बंद कर म्हटलं तर म्हणाली, ‘तुला काय जातंय बोलायला?’ मला तरी हे चूकच वाटतं. तुमचं मत?

तापीकाठ: मी तुमच्या बहिणीच्या बाजूने. ‘मी काय बेवडा आहे का?’ म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं कसं? खांद्यावर टाकून? भरती केलं तर पगार बुडतो आणि गावभर बोभाटा होतो तो वेगळाच. आमच्या काकूने अशीच पुडी दिली होती. काकांची दीड वर्ष बंद होती. तेवढ्यात मुलीचं लग्न उरकलं.

रात्रपाळी: सिस्टर आहे, म्हणून लिहिते. पुडीत डायसल्फिराम असेल तर खेळ जिवाशी आहे. दारूपासून शरीरात अॅसिटाल्डिहाइड तयार होतं. ते पुढे मोडायचं काम हे औषध अडवून धरतं. मग तोंड लालबुंद होतं, उलट्या, धडधड, बीपी खाली. औषध थांबवलं तरी असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरही ही गोळी देतात, पण तपासण्या करून आणि पेशंटला सांगून. आमच्याकडे असा एक आला होता. पुडीचं बायकोने तासभर सांगितलंच नाही. पदराला गाठ मारून ठेवली होती.

बुक्का: पुड्या कशाला? आमच्या वडिलांनी पंढरपुरात माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. गळ्यात माळ दिसली की गुत्तेवालासुद्धा ग्लास पुढे करायला कचरतो.

रात्रपाळी: माळेला माझा नमस्कार. पण रोज ढोसणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात. घरचे म्हणतात बाहेरची बाधा, आणि गाठतात देवऋषी. आधी दवाखाना, मग पंढरपूर.

आजचा दिवस: मी पिणारा. सात वर्षं बंद आहे. बायकोने मलाही पावडर दिली होती. उलट्या झाल्या तर मी समजलो माल नकली आहे, म्हणून गुत्ता बदलला! पुढे कळलं तेव्हा घरातलं ताट हुंगून जेवायला लागलो. बायको वाढायला आली की आमटीकडे बघायचो, तिच्याकडे नाही. शेवटी पुण्यात मुक्तांगणला ३५ दिवस काढले. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु.लं.च्या मदतीने सुरू केलेलं केंद्र. तिथे बायकांचाही वेगळा गट असतो, सहचरी. माझ्याआधी तीच बोलती झाली.

तापीकाठ: राग मानू नका, पण पावडर दिली नसती तर तुम्ही मुक्तांगणपर्यंत जिवंत पोचला असता का?

आजचा दिवस: हा प्रश्न तीही विचारते. मी गप्प बसतो.

कोपऱ्यावरची: बहिणीला सगळं वाचून दाखवलं. सिस्टर लिहितात तिथे घाबरली, पुडी फेकते म्हणाली. मग विचारलं, ‘३५ दिवस घरी काय खायचं?’ नवरा रोजंदारीवर आहे. तापीकाठ, याला माझ्याकडे उत्तर नाही. उद्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिच्यासोबत जाते. नवरा येणार नाहीये, आम्ही दोघीच.