‘सिलिंडरची वेळ चुकली’ म्हणजे नेमकं काय चुकलं?

प्रश्न, दारव्हा तालुक्यातून:
काकाजींकडे परवान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. निवडणुकीत ठाण्यात जमा केलं होतं. परत आणल्यावर फिरणारा भाग ढिला वाटतो. दुरुस्तीवाल्याला मराठीत चिठ्ठी द्यायची आहे. फोनवरच्या भाषांतरानं ‘टायमिंग’चं ‘सिलिंडरची वेळ’ करून दिलं. आमच्या घरी सिलिंडर गॅसचा. काकू म्हणाल्या, नंबर लावला की येते त्याच्या वेळेवर!

उत्तर:
‘सिलिंडर’ऐवजी ‘चक्र’ लिहा. जुन्या मराठीत रिव्हॉल्व्हरला ‘सहाबारी’ म्हणत. बार म्हणजे ‘फुसका बार’मधला तोच, आणि प्रत्येक बाराला चक्रात एक घर.

‘वेळ’ मात्र साफ चूक. घड्याळाचा इथे संबंधच नाही. घोडा (बोटाने दाबायचा चाप नव्हे, मागचा काडतुसावर आपटणारा हॅमर) मागे ओढला की आतला पंजा चक्राला एक घर पुढे ढकलतो आणि खालची खुंटी चक्राच्या खाचेत बसते. घोडा पूर्ण मागे येऊन अडकेपर्यंत खुंटी बसलेलीच हवी. नाही बसली तर घर नळीच्या नेमकं समोर येत नाही, गोळी नळीच्या तोंडाशी खरवडते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. म्हणून मी ‘चक्राचा मेळ चुकला’ म्हणेन.

उत्तर, मूर्तिजापूरहून:
दादा, मेळ भजनात बसते. गॅरेजात आमी टायमिंगच म्हंतो, अन् समोरच्याले समजते. अन् ‘झोल’ लिहू नका बाप्पा, झोल खाटीले असते. बंडीचं चाक पाहा. आखावर पुढं-मागं होते ते ‘सरकते’, जाग्यावर हालते ते ‘डुगडुगते’. दोन्हीले ‘ढिल्लं’ म्हटलं तं मिस्त्री काय समजन?

उत्तर:
‘सरक’ मान्य! माझ्याकडे ‘पुढे-मागे होणारी सैलता’ होतं, आणि सैल तर नाडीही असते. सरक मोजायला तुमचा गॅरेजातला टॅपेटचा फिलरच (फटीत घालून मोजायच्या पातळ पट्ट्या) चालतो. चक्र आणि नळी यांच्यामधली फट साधारण 0.004 ते 0.008 इंच असते. चक्र मागे दाबून एकदा मोजायची, पुढे दाबून एकदा. दोन मापांतला फरक म्हणजे सरक. ‘झीज’ हे कारण, ‘फट’ हे माप. (कोणी ‘घसारा’ सुचवेल, तो ताळेबंदात राहू द्या.)

मात्र आधी चक्र उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा. मग चक्राला बोटाचा हलका अडसर देऊन घोडा सावकाश ओढा. हे प्रत्येक घराला वेगळं करायचं, कारण खाचा सारख्या झिजत नाहीत. आणि पाहण्यावरच थांबा. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. गावच्या लोहाराकडे नेऊ नका.

प्रश्नकर्ता:
चिठ्ठी अशी झाली: ‘चक्र पुढे-मागे सरकते. खुंटी बसल्यावर डुगडुगत नाही. सहापैकी दोन घरांना घोडा पूर्ण मागे आला तरी खुंटी बसत नाही; टायमिंग पाहावे.’ मेळ काढला, मूर्तिजापूरवाले भाऊ जिंकले. काकाजींनी तरी खाली स्वतःच्या हातानं लिहिलंच: ‘लूज आहे.’