ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे: तुमच्या आठवणी लिहा

मागच्या रविवारी नॉयमार्क्ट चौकात दोन तास नुसती बसून होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या फ्राउएनकिर्शे या चर्चच्या फिकट भिंतींत मधूनच काळे दगड दिसतात. ते १७४३ साली पूर्ण झालेल्या मूळ चर्चचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेच्या विमानांनी केलेल्या बाँबहल्ल्यानंतर दोन दिवसांनी, १५ फेब्रुवारी १९४५ ला, आगीत तापलेले खांब फुटले आणि अख्खा दगडी घुमट खाली आला. ढिगाऱ्यातला एकेक दगड ओळखून, मोजून, शक्य तिथे त्याच्या जुन्या जागी बसवलाय. मी आधी त्या काळ्या दगडांनाच हात लावला. जे कुणी इथे येऊन गेलेत, त्यांनी आपापलं लिहा ना.

*

मी १९८६ ला पूर्व जर्मनीत शिकत होतो. तेव्हा तिथे चर्च नव्हतंच. दगडांचा डोंगर, भिंतींचे दोन उभे सुळके आणि पुढ्यात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा पुतळा. १३ फेब्रुवारीच्या रात्री लोक मेणबत्त्या घेऊन यायचे आणि गप्प उभे राहायचे. वसतिगृहातला एक मित्र मला घेऊन गेला. त्याची आजी त्या हल्ल्यात गेली होती. २००५ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, त्यानंतर मी परत गेलो. ओळखीचा एकटा ल्यूथर उरला होता. त्या चौकात मी रडलो.

*

मला आतले पिवळे-गुलाबी रंग फार ताजे वाटले, पटकन आवडले नाहीत. पण वेदी बघाच. सुमारे २,००० जुने तुकडे जुळवून ती उभी केलीय, जवळ गेलं की जखमा दिसतात. गोल रचना आणि एकावर एक सज्जे, त्यामुळे जुन्या नाट्यगृहात बसल्यासारखं वाटतं.

*

दुपारी बाराला ऑर्गन ऐकायला जा. १७३६ मध्ये थोर जर्मन संगीतकार बाखने इथल्या ऑर्गनवर वादन केलं होतं. तो ऑर्गन १९४५ मध्ये गेला, आताचा नवा आहे. तरी पहिला सूर घुमटात चढला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वर जायचं असेल तर थोडं अंतर लिफ्ट आहे, पुढे घुमटाच्या दोन भिंतींमधून गोल फिरत जाणारा चढ. गुडघे दुखत असतील तर सावकाश.

*

मी आईला घेऊन गेले होते, ती सांगलीहून आली होती. दारातच तिने विचारलं, "चपला कुठे काढायच्या?" आत ढिगाऱ्यात सापडलेला जुना क्रूस ठेवलाय, पार वाकडा झालेला. घुमटावरचा नवा क्रूस ब्रिटनकडून भेट आलाय, आणि तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवरच्या हल्ल्यात वैमानिक होते. हे सांगितल्यावर आई बराच वेळ वाकड्या क्रुसासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "बापाचं लेकानं फेडलं गं." तिने एक मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि निघताना भिंतीतल्या एका काळ्या दगडावरून हात फिरवून तो कपाळाला लावला.